कायोटी बोलावताना : पश्चिम टेक्सासमधल्या नवशिक्या शिकाऱ्यांसाठी

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडे स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी काहीजण नोव्हेंबरात रँचवर हरणाच्या शिकारीला जाऊ लागले आहेत. जानेवारीत हरणांचा सीझन संपतो, रायफल कपाटात जायची वेळ येते, आणि तेव्हा रँचमालकच म्हणतो, ‘आता कायोटी मारायला या.’ कायोटी म्हणजे कोल्ह्यासारखा दिसणारा, कुत्र्याच्या कुळातला उत्तर अमेरिकेतला रानटी प्राणी. टेक्सासमध्ये त्याला ठरावीक सीझन नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. वासरं, कोकरं, करडं सांभाळणाऱ्या माणसाला आपल्या कुंपणाच्या आत ते नकोच असतात. पहिल्यांदाच कायोटी बोलवायला निघालेल्या माणसासाठी हा लेख लिहितो आहे.

बोलावणं म्हणजे सावजामागे न जाता त्याला आपल्याकडे आणणं. जखमी सशाची किंकाळी, उंदराची चिरचिर किंवा दुसऱ्या कायोटीची साद काढायची आणि दबा धरून बसायचं. नवा माणूस सगळा जीव आवाजात ओततो. कॉल, म्हणजे आवाज काढायचं साधन, कुठला घ्यावा, मशीन किती महागाचं असावं, त्यात किती आवाज भरलेले असावेत, हेच त्याचे प्रश्न असतात. माझं मत पक्कं आहे की आवाज ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. जागेवर जायची वाट, वारा आणि बसणं, ही तीन कामं नीट झाली तर तोंडाने वाजवायचा साधा कॉलही पुरतो. ती बिघडली तर कुठलंही मशीन कामाला येत नाही. आणि सगळं नीट करूनही चांगल्या रानात बहुतेक वेळा कुणीच येत नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेलं बरं. म्हणूनच रिकाम्या दिवसांबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

आधी कागदपत्रं

भारतात बसून हे वाचत असाल तर एवढंच : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे कोल्ह्याला किंवा लांडग्याला बोलावून मारणं हा गुन्हा आहे. इथलं काहीही तिकडे करून पाहू नका.

टेक्सासमध्ये हंटिंग लायसन्स लागतं. ते १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं वर्ष धरून चालतं, त्यामुळे जुलैत घेतलेलं लायसन्स महिन्याभरात संपतं. तुमचा जन्म २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतरचा असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो. प्रौढांना तो ऑनलाइन करता येतो, पण शक्य असेल तर वर्गात बसूनच करा. बंदूक हातात घेऊन कुंपण कसं ओलांडायचं हे पडद्यावर शिकून अंगात भिनत नाही.

आता आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुम्ही ग्रीन कार्डवर असाल तर अडचण नाही. पण एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक. म्हणजे लायसन्स संपलं की अपवादही संपला, आणि घरातली रायफल त्या दिवसापासून बेकायदेशीर झाली. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. मित्राची रायफल नुसती हातात घेण्याआधीसुद्धा इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला. त्याची फी या छंदातल्या इतर कुठल्याही खर्चापेक्षा सत्कारणी लागेल.

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. रात्री दिवा किंवा थर्मल (शरीराच्या उष्णतेवरून जनावर दाखवणारी दुर्बीण) वापरता येतो का, इलेक्ट्रॉनिक कॉल चालतो का, हे राज्याची हद्द ओलांडताना नव्याने पाहावं लागतं. शेजारच्या न्यू मेक्सिकोत आणि ॲरिझोनात तर मेक्सिकन लांडगा आहे. तो केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे आणि दुरून मोठ्या कायोटीसारखा दिसू शकतो.

परवानगी आणि रानाची पाहणी

टेक्सासची ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. परवानगीशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि मिळालेली परवानगी लेखी असावी. आनंदाची गोष्ट अशी की हरणासाठी हजारो डॉलरचा लीज मागणारा रँचमालकही कायोटीसाठी बऱ्याचदा फुकट येऊ देतो. त्याबदल्यात काही गोष्टी न सांगता पाळायच्या. उघडं फाटक उघडं, बंद फाटक बंद. ओल्या रस्त्यावर गाडी घालून चाकोऱ्या पाडायच्या नाहीत. येण्याआधी फोन, गेल्यावर निरोप. गुरं कुठल्या कुरणात आहेत, घोडे कुठे आहेत, घरं कुठल्या दिशेला आहेत, राखणीचे कुत्रे आहेत का, हे त्याला विचारून नकाशावर खुणा करून घ्या. शेळ्या-मेंढ्यांबरोबर राहणारे मोठे पांढरे राखणीचे कुत्रे सशाच्या किंकाळीवर धावत येऊ शकतात.

मग रान पाहा. कायोटी पायवाटांवर आणि गाडीवाटांवर, विशेषतः दोन वाटा मिळतात तिथे विष्ठा टाकतो. केस, हाडांचे तुकडे आणि मेस्कीटच्या शेंगांच्या बिया भरलेली ती विष्ठा लगेच ओळखू येते. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी नातेवाईक; शेंगा तशाच, काटेही तसेच. कायोटीचा ठसा कुत्र्याच्या ठशापेक्षा लांबट आणि आवळ असतो, आणि माग बराचसा सरळ रेषेत जातो. पाण्याच्या टँकचा काठ, कोरड्या ओढ्याची वाळू आणि कॅलिचीच्या (चुनखडीसारख्या मातीच्या) पांढऱ्या रस्त्यावरची धूळ या तीन जागा आधी बघा.

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी अंधार पडताना फाटकाशी उभं राहून ऐका. आपली कोल्हेकुई ज्याने ऐकली आहे त्याला हा गलका ओळखीचा वाटेल. पण त्यावरून संख्या मोजू नका. दोन कायोटी स्वर इतक्या झपाट्याने बदलतात की सात-आठ जण असल्याचा भास होतो. दिशा मात्र लिहून ठेवा, ती उद्या सकाळी उपयोगी पडते.

त्याचं वर्ष

टेक्सासमधला कायोटी साधारण १० ते १६ किलोचा. बुद्धीला तल्लख, नाक फारच तीक्ष्ण, आणि आवाज नेमका कुठून आला हे शेकडो यार्डांवरून ओळखणारा. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा समागमाचा काळ. सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. ती शरद ऋतूत आईबापांचा इलाखा सोडून भटकायला लागतात.

या वेळापत्रकावरच आवाजाची निवड ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही तरुण, अननुभवी जनावरं सशाच्या आवाजावर धावत येतात. शिकायला हाच काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे भूक असते, पण तोवर बऱ्याच जणांनी कॉल ऐकलेले असतात. फेब्रुवारीत खाण्यापेक्षा जोडीदार आणि हद्द महत्त्वाची, म्हणून कायोटीचीच साद चालते. एप्रिलपासून जुलैपर्यंत मी बोलावत नाही. कायद्याची आडकाठी नाही, पण बिळात पिल्लं असताना दूध पाजणारी मादी मारणं मला पटत नाही, आणि मी कुणालाही तसं सुचवणार नाही. एखादा ठरावीक कायोटी रोज करडं उचलत असेल आणि रँचमालकाने बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी.

सामान

यावर फार लिहित नाही. .२२३ किंवा .२४३ ची रायफल पुरते, २०० यार्डांपर्यंत नेम पक्का हवा. दाट झुडपात बारा बोअरची शॉटगन जास्त कामाची. नेमासाठी तिपाई किंवा शूटिंग स्टिक्स, बसायला जाड फोम, चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे. चेहरा आणि हात हेच शरीराचे सर्वांत हलणारे आणि चमकणारे भाग आहेत. नारिंगी टोपी जरूर घ्या. कायोटीला नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, पण सशाचा आवाज ऐकून दबकत येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याला तो दिसतो. कॉल मात्र दोन असू द्यात, कारण कडाक्याच्या थंडीत श्वासाच्या ओलाव्याने कॉलमधली पाती, म्हणजे आवाज काढणारी पातळ पट्टी, गोठते.

वाट, वारा, बसणं

पहाटे गाडी अशा जागी लावा की तुम्ही बसणार तिथून ती दिसणार नाही. टेकाडामागे किंवा झाडीमागे. दार ढकलून बंद करायचं, आपटायचं नाही. बोलणं बंद, फोन मूक. तिथून पाव ते अर्धा मैल चालत जा. ओढ्यातून, झुडपांच्या कडेने चाला. टेकडीच्या माथ्यावरून कधीच नाही, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस मैलभरावरून दिसतो. जिथे कायोटी असेल असं वाटतं त्या झाडीत तुमचा वास वाहून जाणार नाही अशीच वाट निवडायची, मग ती दुप्पट लांब पडली तरी चालेल.

आता वारा. कायोटी आवाजाच्या दिशेने सरळ आला तरी शेवटच्या टप्प्यात तो वळसा घालतो, आणि वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला पोहोचून वास घेतो. या बाजूला आपण वाऱ्याखालची बाजू म्हणू. अंगाला काय फासता, कपडे कशात धुता याने थोडा फरक पडत असेल, पण त्याच्या नाकाला चुकवता येत नाही. तिथे पोहोचण्याआधी तो आपल्याला दिसला पाहिजे, म्हणून सगळी मांडणी त्याच हिशेबाने करायची.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. थंडीची लाट येऊन गेली आहे, सकाळी सूर्य नुकताच वर आल्याची वेळ, उत्तरेचा वारा. समोर पश्चिमेला मेस्कीटची झाडी, आणि तिथे कायोटी असावेत असा अंदाज. तुम्ही पूर्वेकडून चालत या. झाडीच्या अलीकडे दीडशे-दोनशे यार्डांवर एखादं झुडूप शोधा आणि त्याच्यापुढे, त्याच्या सावलीत, पश्चिमेकडे तोंड करून बसा. झुडपामागे लपलात तर तुम्हालाच दिसणार नाही. झुडूप पाठीशी असलं की शरीराची कडा त्यात विरघळते. सूर्य पाठीमागे आहे, म्हणजे तुमच्याकडे बघणाऱ्याच्या डोळ्यात तो जातो. तुमचा वास डावीकडे, दक्षिणेला वाहतो आहे, म्हणून डावीकडची जमीन मोकळी हवी, तिथे झुडपांची रांग नको. इलेक्ट्रॉनिक कॉल असेल तर तो उजवीकडे पुढे, वायव्येला, ४०-५० यार्डांवर ठेवा. झाडीतून निघालेला कायोटी कॉलच्या वाऱ्याखाली जायला म्हणून दक्षिणेकडे वळतो, आणि तुमच्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधी तुमच्या समोरून जातो. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याला डावीकडे वळणं सोपं जातं, तोही फायदा इथे मिळतो. जोडीदार असेल तर त्याला शॉटगन देऊन डाव्या बाजूला बसवा. एकमेकांचे गोळीबाराचे कोन आधी बोटाने दाखवून ठरवायचे आणि मग कुणीही जागा सोडायची नाही.

वारा बघायला बारीक पावडरची छोटी बाटली दाबायची; पावडर कुठे जाते ते दिसतं. बसण्याआधी बघा आणि बसल्यावर पुन्हा बघा, कारण ओढ्याकाठी आणि टेकडीच्या पायथ्याशी वारा उलटा फिरतो. वारा झाडीकडे वळला असेल तर तिथे कॉल वाजवायचाच नाही. उठा, लांबून वळसा घ्या. हे सगळ्यात जड जातं, कारण पाऊण तास चालून आलेला असतो. पण न वाजवलेल्या जागेवर परत येता येतं.

बसायच्या आधी जमीन नीट बघा. निवडुंगाचे काटे, लाल मुंग्यांची वारुळं, आणि दिवस उबदार असेल तर रॅटलस्नेक. मग रायफल तिपाईवर ठेवा, दस्ता खांद्याजवळ, आणि त्यानंतर फक्त डोळे फिरले पाहिजेत. मान वळवायची तर इतकी सावकाश की सोबत्यालाही कळू नये.

आवाज

तोंडाने वाजवायच्या कॉलमध्ये दोन प्रकार आहेत. बंद पातीचा सोपा. फुंकलं की सशाची किंकाळी येते. उघड्या पातीचा शिकायला वेळ लागतो, पण दातांचा दाब आणि जागा बदलून त्यातून उंदीर, ससा, पिल्लू, कायोटीची साद असं सगळं निघतं. घरी नको, गाडीत सराव करा. इलेक्ट्रॉनिक कॉलचा खरा गुण असा की आवाज तुमच्यापासून लांब निघतो आणि कायोटीची नजर तिकडे खिळते.

सुरुवात हळू आवाजात. तो शंभर यार्डांवर झोपलेला असू शकतो, आणि एकदम मोठा आवाज झाला तर दचकून पळेल. अर्धा मिनिट हळू किंकाळी, मग मिनिटभर शांतता, मग थोडा मोठा आवाज. सुरात जीव हवा. संकटातला ससा एका लयीत ओरडत नाही. तो धापा टाकतो, थकतो, पुन्हा कळवळतो. दर दोन-तीन मिनिटांनी थांबत पंधरा मिनिटं असं चालू ठेवा. त्यातली शेवटची दोन-तीन मिनिटं कायोटीच्या पिल्लाच्या कळवळण्याचा आवाज द्या; अनेकदा झाडीच्या कडेला थबकलेलं जनावर यावर बाहेर येतं. मग पाच मिनिटं पूर्ण शांतता. मोकळ्या माळावर एकूण वीस मिनिटं, दाट झाडीत तीस.

जानेवारीच्या शेवटापासून सुरुवात एकट्या कायोटीच्या लांब सादेने करा आणि तीन-चार मिनिटं काहीच वाजवू नका. भुंकून आव्हान देणारा आवाज नवशिक्याने टाळावा. तो हद्दीच्या मालकाला भडकवतो खरा, पण तरुण आणि दुबळी जनावरं त्याने निघून जातात.

वाजवताना भोवतालचं ऐका. गुरं एकदम माना वर करून एकाच दिशेला बघू लागली, कावळे किंवा ‘जे’ नावाचे निळे पक्षी एखाद्या झुडपावर कलकलाट करू लागले, हरीण पाय आपटू लागलं, की तिकडे हळूच नळी वळवा. कायोटी दिसण्याआधी त्याची बातमी अशी येते.

तो आला की

येताना तो बहुतेक धावत असतो. तो झाडाआड किंवा उंचवट्याआड गेला तेवढ्याच वेळात बंदूक हलवा. मोकळ्यात आणि जवळ आला की तोंडाने ‘वुफ’ असा छोटा आवाज काढा, क्षणभर थांबेल. त्या क्षणी तो आडवा उभा असेल, मागे मातीचा उतार असेल, आणि तो कायोटीच आहे याची शंभर टक्के खात्री असेल, तरच खांद्यामागे नेम धरून चाप ओढा. पट्टा घातलेला कुत्रा, राखणीचा कुत्रा, करडा कोल्हा, पॅनहँडलच्या (टेक्सासच्या उत्तरेकडच्या भागाच्या) टोकाला आढळणारा मांजराएवढा स्विफ्ट फॉक्स हा कोल्हा, बॉबकॅट हे रानमांजर, यांतलं काहीही त्याच आवाजावर येऊ शकतं आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. रायफलची गोळी सपाट माळावर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. टेकडीच्या माथ्यावर आकाशासमोर उभ्या असलेल्या कायोटीवर बार काढायचा नाही, तो कितीही जवळ असला तरी.

पहिला पडला म्हणून उठू नका. जोडीतला दुसरा मागे असतो. लगेच पिल्लाच्या कळवळण्याचा आवाज लावून पाच मिनिटं बसा. जनावर जखमी होऊन गेलं असेल तर बाकी सगळं सोडून त्याचा माग काढायचा. मेलेल्या कायोटीला रबरी मोज्यांशिवाय हात लावू नका. खरूज, पिसवा, पट्टकृमी, रेबीज, सगळ्यांची शक्यता असते. कातडं चांगलं असेल तर डिसेंबर-जानेवारीत सोलून ठेवण्यासारखं असतं. देह रस्त्याकडेला किंवा कुंपणावर टाकू नका, मालक सांगेल तिथे ठेवा.

रिकामे दिवस

पहाटे साडेतीनला घर सोडलं, सहा जागा बसलो, एक शेपूट दिसली नाही. असे दिवस येतातच, आणि बरीच वर्षं हे करणाऱ्यांनाही ते येतात. नवा माणूस अशा दिवसानंतर एकतर कॉल बदलतो किंवा छंद सोडतो. मला वाटतं, शिकण्यासारखं सगळं याच दिवशी असतं, फक्त ते शोधावं लागतं.

सर्वांत आधी एक सवय लावून घ्या. जागा सोडताना गाडीकडे सरळ जाऊ नका. वाऱ्याखालच्या बाजूने दीडशे-दोनशे यार्डांचा अर्धवर्तुळाकार फेरा मारा आणि वाळू, धूळ, बर्फ असेल तर बर्फ, नीट बघा. ताजा माग आत येऊन एका ठिकाणी झटकन वळून परत गेलेला दिसला, तर तुमची जागा रिकामी नव्हती. तो आला, त्याला वास लागला, तो गेला. तो जिथे वळला तिथे उभं राहून आपल्या बसायच्या जागेकडे पाहा. तिथपर्यंत तो न दिसता कसा आला? कुठला खोलगट भाग तुमच्या नजरेतून सुटला होता? पुढच्या वेळी वीस यार्ड बाजूला बसल्याने तो दिसला असता का? ज्याला वाटतं की आज कुणी आलंच नाही, त्यातल्या बऱ्याच जणांकडे कुणीतरी आलेलं असतं.

माग अजिबात नसेल तर प्रश्न वेगळा. इथे कायोटी मुळात आहेत का? जुनी, उन्हाने पांढरी पडलेली विष्ठा म्हणजे महिन्यापूर्वीची बातमी. रँचमालकाला फोन करून विचारा की गेल्या महिन्याभरात आणखी कुणी कॉल वाजवले का, सापळेवाला येऊन गेला का, हेलिकॉप्टर फिरलं का. टेक्सासमध्ये परवाना घेऊन हेलिकॉप्टरमधून कायोटी मारतात, आणि तसं झालं असेल तर उरलेली जनावरं काही आठवडे उघड्यावर यायला कचरतात. कारण तुमच्या हाताबाहेरचं होतं हे कळलं तरी पुढचा शनिवार त्याच रानात वाया जात नाही.

भुकेचाही विचार करा. हरणाच्या सीझनमध्ये शिकारी रानात आतडी टाकून जातात. वासरं जन्मायच्या दिवसांत कुरणात वार पडलेली असते. पोट भरलेला कायोटी दुपारच्या सशासाठी अर्धा मैल चालणार नाही. अशा दिवसांत खाण्याचे आवाज बाजूला ठेवून पिल्लाचे किंवा कायोटीचे आवाज वापरून बघण्यात अर्थ आहे.

मग हवा. ताशी वीस मैलांपेक्षा जोराचा वारा असेल तर आवाज पोहोचत नाही आणि जनावरं आडोसा सोडत नाहीत. पॅनहँडलमध्ये असे दिवस कमी नाहीत. तरीही जायचंच असेल तर ओढ्याच्या आत, वाऱ्यापासून आडोशाच्या उतारावर बसा आणि जागा जवळजवळ घ्या, कारण आवाज तिनशे यार्डांपलीकडे जाणारच नाही. उबदार, निरभ्र दुपार साधारणपणे सुस्त असते. थंडीची लाट येऊन गेल्यानंतरची शांत, गोठलेली पहिली सकाळ मात्र सोडू नये. त्यासाठी सुट्टी टाकावी लागली तर टाका.

रिकाम्या दिवसाचा मोठा धोका म्हणजे आपण ढिले पडतो. तिसऱ्या-चौथ्या जागेनंतर दार आपटलं जातं, वळसा टाळून माथ्यावरून चाललं जातं, वीस मिनिटांची बारा होतात, मांडीवर फोन येतो. नेमका त्याच वेळी कुणीतरी झाडीच्या कडेला उभा राहून बघत असतो. म्हणून जागांची संख्या आधीच ठरवा. सकाळच्या तीन आणि संध्याकाळच्या दोन नीट बसलेल्या जागा, घाईत उरकलेल्या दहांपेक्षा कितीतरी चांगल्या. अकरा ते तीन कॉल बंद. जेवा, गाडीच्या सावलीत झोपा, कागदाच्या निशाणावर दोन गोळ्या झाडून रायफलवरची दुर्बीण हलली नाही ना ते बघा, न पाहिलेल्या कोपऱ्यात माग शोधा. शक्य असेल तर रँचमालकाकडे चहा-कॉफीला जा. कुठल्या कुंपणाखालून ते रोज ये-जा करतात, हे तीस वर्षं तिथे राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं.

दुसरा धोका याहून गंभीर. दिवसभर काही दिसलं नाही की संध्याकाळी चारशे यार्डांवरचा ठिपका मारावासा वाटतो, किंवा गवत हललं की बोट चापावर जातं. ज्या अंतरावर तुम्ही सराव केलेला नाही तिथे जनावर जखमी होतं, मरत नाही. आणि हलणाऱ्या गवतामागे माणूस असू शकतो. आपली मर्यादा सकाळी, डोकं थंड असताना ठरवायची आणि संध्याकाळी ती बदलायची नाही.

सोबत मुलं किंवा नवा मित्र असेल तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे चौथ्या जागेवर त्यांची निराशा तुमच्या अंगावर येणार नाही. त्यांना एकेक काम द्या : पक्ष्यांचे इशारे ऐकायचे, पावडर सोडून वारा सांगायचा, माग मोजायचे. रानात बसून कान उघडे ठेवायला शिकलेलं मूल पुढे चांगला शिकारी होतं, आणि झालं नाही तरी रान त्याचं होतं.

वही ठेवा. तारीख, जागा, वाऱ्याची दिशा आणि जोर, तापमान, कुठून चालत गेलात, कोणते आवाज, किती मिनिटं, काय दिसलं, परत येताना कुठले माग दिसले. एका वेळी एकच गोष्ट बदला. जागा, आवाज आणि वेळ तिन्ही बदलून कायोटी आला तर कशामुळे आला हे कधीच कळणार नाही. एक थंडी अशी नोंदवली की काही गोष्टी आपोआप वर येतात : पवनचक्कीजवळच्या जागेवर दक्षिणेच्या वाऱ्यात कधीच काही येत नाही, ओढ्याच्या वळणावर नेहमी बाराव्या मिनिटानंतर येतो, असं काहीतरी. हे ज्ञान त्या एका रँचपुरतं असतं, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

ज्या जागेवर कायोटीला वास लागून तो निघून गेला, किंवा नेम चुकला, ती जागा तीन-चार आठवडे मोकळी ठेवा. परत जाल तेव्हा दुसऱ्या बाजूने आत शिरा, कॉल दुसऱ्या जागी ठेवा आणि मागच्या वेळचा आवाज अजिबात वाजवू नका. ससा वाजवला होता तर आता पक्षी किंवा उंदीर, तोही हळू. त्या दिवशी वारा पुन्हा झाडीकडे वाहत असेल तर फाटक न उघडता पुढच्या कुरणाकडे जा.